सातव्या रविवारचं पाणी

दोन फुटी काचेची टाकी एक, वाळू आठ किलो, पाणी गाळायचा पंप एक, पाणी तापवायची कांडी एक, तापमापक एक, काळे दगड पाच. मासे शून्य.

गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या पाळीव पशुपक्ष्यांच्या बाजारात, पौषातल्या धुक्यात, हे सगळं रिक्षात रचून मी मासे घ्यायला वळले. पदपथावर गप्पी माशांच्या पिशव्या मांडून एकजण बसला होता. माझ्याकडे, मग रिक्षाकडे पाहून तो म्हणाला, "आज मासे नेऊ नका."

"का? विकायचे नाहीत?"

"विकायचेत. मारायचे नाहीत."

मग त्याने समजावलं. माशांच्या घाणीतून पाण्यात अमोनिया होतो. तो खाणारे जीवाणू नव्या टाकीत नसतात, ते वसायला काही आठवडे लागतात. तोवर टाकीत नुसतं पाणी भरून रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, म्हणजे ते कुजून जीवाणूंना अमोनिया मिळतो, आणि दर रविवारी बाटलीभर पाणी आणून त्याला दाखवायचं. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली... कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याचं नाव द्वैपायन. आठवडाभर बरानगरच्या एका कचेरीत नकाशे काढायचा, आणि गच्चीवर वाढवलेल्या गप्पी रविवारी इथे विकायचा.

बाटल्या सुरू झाल्या. काचेच्या नळीत पाणी, वर अमोनिया तपासायच्या औषधाचे थेंब, आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळं म्हणजे अमोनिया नाही. जितकं हिरवं तितका जास्त. त्या पाच मिनिटांत मातीच्या कुल्हडातला चहा व्हायचा. मग तो नळी रंगांच्या तक्त्याला लावायचा, मी वाकायचे, आणि माझ्या शालीचा काठ त्याच्या मनगटावर पडायचा. तो हात हलवत नसे. मीही काठ आवरत नसे. शेजारी पाणवनस्पती विकणारे हारूदा दर वेळी त्याला त्याच्या घरच्या नावाने हाक मारून म्हणायचे, "टुबलू, तुझी पेशंट आली."

ते थेंब समोरच्या दुकानात मिळत होते. मी घेतले नाहीत.

घरी बाबा मला म्हणाले, "मामोनी, लोक मासे पाळतात. तू पाणी पाळतेस."

पाचव्या रविवारी नळी पिवळी झाली. लिंबाच्या सालीसारखी, स्वच्छ. द्वैपायनने ती उजेडात धरली, बराच वेळ फिरवली आणि म्हणाला, "अजून जरा हिरवट आहे. पुढच्या रविवारी बघू."

मी बरं म्हटलं. सहाव्या रविवारी नळी तशीच पिवळी, आणि वाक्यही तेच.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. शक्यता दोन होत्या. त्याला हिरवा-पिवळा फरक कळत नसेल — पुष्कळ पुरुषांना नाही कळत. मग माझे सहा रविवार म्हणजे नुसती पाणी-तपासणी. किंवा... दुसरी शक्यता मी मनातसुद्धा पूर्ण उच्चारली नाही. विचारायचं तर कसं? विचारलं आणि पहिलीच खरी निघाली, तर तो हसून चार मासे पिशवीत घालून देईल, आणि पुढच्या रविवारी बाजारात जायला मला कारणच उरणार नाही.

शनिवारी संध्याकाळी बाबांनी चार जिवंत मागूर आणले. असे मासे सकाळी चिरेपर्यंत हंडीत पाण्यात ठेवायचे असतात. हंडी गळत होती. बाबांनी ते सरळ माझ्या टाकीत सोडले. "एवढं पाणी नुसतं बसून आहे म्हटलं." सकाळी आईने मागूर काढून राख लावून चिरले, तेव्हा टाकीचं डबकं झालं होतं. मला रडू यायला हवं होतं. मी बाटली भरली.

कारण आता मला उत्तर आधी माहीत होतं. पाणी गडद हिरवं येणार. त्याला रंग कळत नसतील, तर तो नेहमीसारखंच म्हणेल, जरा हिरवट आहे.

त्याने थेंब टाकले. माझा चहा निवला. पाच मिनिटं व्हायच्या आतच नळी शेवाळासारखी झाली. द्वैपायन ताडकन उठला.

"हे काय? काय टाकलंस यात? मागच्या रविवारी तर शून्य होतं—"

आणि तो थांबला. हारूदा एकदम आपली रोपं मोजायला लागले.

"मागच्या रविवारी जरा हिरवट होतं ना?" मी म्हटलं.

तो नळीकडे बघत राहिला. "नव्हतं."

"आणि त्याच्या आधी?"

"तेव्हाही नव्हतं." मग हळूच, "मासे दिले असते तर तू आली नसतीस... म्हणून. पण तू तर रसायनशास्त्राची. तुला पिवळं दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू खोटं का बोलत होतास?"

"सांगितलं ना आत्ता."

"मग माझंही तेच समज."

त्याने नळी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मागुरांचं ऐकल्यावर मात्र तो इतका हसला की दोन गिऱ्हाइकं निघून गेली. अर्धं पाणी बदलावं लागेल, म्हणाला; आजच, आणि तो स्वतः येईल. मग माझी शाल खांद्यावरून घसरली होती ती त्याने वर सारली. बोटं गार होती.

गप्पी हारूदांच्या हवाली करून आम्ही निघालो. रिक्षा नको, असं दोघंही एकदमच म्हणालो.

गॅलिफ स्ट्रीटपासून माझ्या घराजवळच्या, श्यामबाजारच्या पाच रस्त्यांच्या चौकापर्यंत चालत बारा मिनिटं लागतात. आम्हाला एक तास पाच मिनिटं लागली.