जास्तीचं पान

दिवाळीच्या पाडव्याला सांगलीच्या हळदपेठेत वह्यांची पूजा व्हायची, आणि त्या वह्या बांधून बांधून कंबर मोडलेल्या आप्पासोंना त्या दिवशी कुठं पाठ टेकायला मिळायची. पण टेकू देतंय कोण? नात प्रमोदिनी, म्हणजे घरातली पमी, दिवस उगवल्यापासून मागं लागायची, "आबा, माझी वही कधी करायची?"

दुकानात उरलेले कागदाचे तुकडे वर्षभर एका टोपलीत साठायचे. पाडव्याला आजोबा, आजी नि नात मिळून त्यांची वही करायची. पमीनं कागद जुळवायचे, रंगुबाईंनी चिंचोक्याची खळ शिजवायची, आप्पासोंनी दाभणानं भोकं पाडून मेणाच्या दोऱ्यानं शिवायचं. रीत एकच. घरात जितकी माणसं तितकी वहीची पहिली पानं वेगळी ठेवायची, आणि त्यावर ज्यानं त्यानं उजवा हात ओल्या हळदीत बुडवून पंजा उठवायचा. ते वाळले की वही शिकंज्यात घालून रात्रभर दाबायची. आप्पासोंचा शिकंजा जुन्या सागवानाचा, त्याचा फिरकीचा दांडा आवळायला दोन्ही हातांचा जोर लागायचा.

चव्वेचाळीस सालच्या पाडव्याला मात्र त्या घरात कुणाचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. पमीचा बाप हरी ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेलेला. उन्हाळ्यात तार आली, बेपत्ता. आणि नवरात्रात त्याच्याच पलटणीतला धुळा रजेवर आला, तो दारातच उभा राहून रडायला लागला.

"आवं आप्पा, नदीच्या काठाला पडलेला मी ह्या डोळ्यांनी बघितला. गोळा पडला नि गडी पुन्हा उठला न्हाई."

झालं. आप्पासोंचा शेजारी राहणारा धाकटा भाऊ नाथाजी तेव्हापासून एकच घोकत होता, "दादा, पोराला असा अधांतरी ठेवू नका. तुळशीचं लग्न झालं की श्राद्धाचा विधी उरकून घेऊ." भटजींना त्यानं सांगूनही टाकलं होतं. विधी झाला की हरीच्या बायकोचं, अनसूयेचं कुंकू पुसायचं. ती पोर रोज सकाळी आरशासमोर बसून कुंकू लावायची, आणि किती वेळ तशीच बसून राहायची.

तरीही वही करायला बसले. पमीसाठी.

पंजे उठवून झाले. आप्पासो, रंगुबाई, अनसूया, पमी. चार. आणि पुढं एक पान कोरंच.

"हे काय गं? जास्तीचं पान कुठनं आलं?" आप्पासोंनी विचारलं.

रंगुबाईंनी तोंडाला पदर लावला. हात सवयीनं चालले होते, पाच पानं मोजली गेली होती. शिवण तर पडून गेलेली. "उसवा ते," त्या म्हणाल्या. "कोरं पान बघवत नाही मला."

"राहू दे बाबांचं पान," पमी म्हणाली.

आप्पासोंना उसवायचा धीर झाला नाही. उसवलं म्हणजे आपणच पोराला घरातून काढल्यासारखं. त्यांनी वही शिकंज्यात घातली, दांडा करकचून आवळला, आणि उठले. कोरं ते कोरंच राहणार, त्यात काय एवढं, असं स्वतःला बजावून जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आल्यावर त्यांनी दांडा सैल केला. तोवर तो काल आवळला तितकाच घट्ट होता. वही काढली, पमीच्या हातात दिली. पमीनं पानं उलटली आणि खुदकन हसली.

"आबा, बाबांनी हात उठवला!"

आप्पासो काही भोळे नव्हते. अंगात येणं, कौल लावणं असल्या गोष्टींना ते हसायचे. त्यांनी वही उजेडात धरली. शेजारच्या पानाची हळद ओली राहून उमटली असेल म्हणावं, तर उमटलेला पंजा उलटा दिसला असता, अंगठा भलत्या बाजूला. हा सरळ होता. उजवा होता. मोठा, पुरुषी. आणि त्याची करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली होती.

हरी लहान असताना त्याची करंगळी याच शिकंज्यात सापडली होती. ती पुन्हा कधी सरळ झालीच नाही.

त्यांनी वास घेतला. हळदीचाच वास, आणि त्याखाली चिखलाचा, कुजक्या पाल्याचा.

"नाथा!" आप्पासो ओरडले. "भटजींना सांगून ये. विधी करायचा नाही."

"दादा, अहो डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलं तर फिरू दे! माझा पोरगा जिवंत आहे."

अनसूया चुलीपुढं बसली होती. ती हसायला लागली, हसता हसता हुंदके द्यायला लागली. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी ती पोटभर जेवली.

आणि चैत्रात हरी आला! दाढी वाढलेला, हाडांचा सापळा झालेला, पण आपल्या पायांनी चालत दारात उभा. रंगुबाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली, मग खांद्यावरनं खाली हात नेला आणि थबकल्या. सदऱ्याची उजवी बाही कोपराखाली मोकळी होती.

"हात तिकडंच राहिला, आई," हरी म्हणाला. "सडला होता, इस्पितळात कापला. कित्येक महिने शुद्धच नव्हती, नावगाव कळवणार कोण? दिवाळीचे दिवस होते एवढं आठवतंय."

"जाऊ दे रे हात! तू आलास ना?" आप्पासोंनी त्याला छातीशी धरलं. त्यांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. हातांचा हिशेब कोण करत बसतंय?

वही त्याला अनसूयेनं दाखवली. त्यानं डाव्या हातानं ते पान चाचपलं.

"अजून जाणवतो तो हात," एवढंच म्हणाला. "रोज. ओला वाटतो."

इस्पितळातले डॉक्टर हरीला म्हणालेच होते, कापलेला हात असा जाणवतो म्हणून. आप्पासोंनी तेच धरलं. दुसरं काय धरायचं?

पुढच्या दिवाळीच्या पाडव्याला रंगुबाईंनी पाच पानं मोजली, आणि या खेपेला कुणी रडलं नाही. लढाई संपली होती. हरीनं डावा पंजा उठवला, पमीनं त्याला चिडवलं, "बाबा, उलटा!" घर हसलं. जास्तीचं पान नाही ना, हे आप्पासोंनी स्वतः दोनदा तपासलं, आणि मगच दांडा आवळला.

सकाळी वही उघडली.

पाच पानं. पाच पंजे. दुसरं काही नाही.

आप्पासोंनी सुटकेचा निःश्वास सोडला. संपलं म्हणायचं एकदाचं. हरी समोर बसून डाव्या हातानं फराळ खात होता, अनसूया चहा गाळत होती. पमी वही घेऊन नाचत अंगणात निघाली.

"पमे, थांब," आप्पासो म्हणाले.

तिच्या पांढऱ्या पोलक्यावर, पाठीवर, लेकराला जवळ घेताना बाप ठेवतो तिथं, पिवळा पंजा होता. उजवा. करंगळी बाहेर वळलेली.

त्यांनी बोट लावून पाहिलं. हळद अजून ओली होती.