टिकल्याला शिकवलेले आवाज

आमचा टिकल्या कुकरच्या शिट्टीवर भुंकायचा. कडीवर भुंकायचा, बादलीवर भुंकायचा, ओट्यावरून चमचा पडला तरी भुंकायचा. खालून वाजतगाजत वरात गेली, तर हा पायांवर हनुवटी टेकवून झोपलेला. चोर आला असता तर याने बहुधा शेपूट हलवली असती. त्याचं वैर फक्त घरातल्या भांड्याकुंड्यांशी होतं.

शहरात मस्तगडला दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या तीन खोल्यांत आम्ही राहतो. मी दुकानादुकानांतून वजनकाटे तपासणारा सरकारी माणूस. बायको यशश्री शाळेत शिकवते. आई खुब्याचं हाड मोडल्यापासून आतल्या खोलीत पलंगावर असते. तिला नुसतं बसतं करायचं तरी दोघं लागतात. गावाहून, हसनाबादहून आली ती टिकल्याला घेऊनच. आम्ही दोघं सकाळी बाहेरून कुलूप लावून जायचो, दीड वाजता मी येऊन तिला पडल्यापडल्याच जेवू घालायचो आणि परत जायचो. बाकी दिवसभर तिला सोबत टिकल्याचीच.

मार्च महिन्यात घरमालकीण गिरिजाबाई वर आल्या. "कल्याणराव, एक तर कुत्रं ठेवा न्हाई तर खोली. दुपारी डोळा लागला की हा सुरू. बीपीच्या गोळ्या घेऊन राह्यले मी."

आईला सांगितलं, तर ती भिंतीकडे बघत म्हणाली, "त्याला गावाकडं सोडणार असशील तर मला बी तिकडंच सोड."

गावाकडे घराला कुलूप. तिला बघायला तिथे कुणीही नव्हतं. म्हणजे आई राहायची तर टिकल्या राहायला हवा, आणि टिकल्या राहायचा तर तो गप राहायला हवा.

जनावरांच्या डॉक्टरांनी युक्ती सांगितली. घरातले आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करायचे, अगदी हळू ऐकवायचे, तो गप राहिला की टोस्टचा तुकडा द्यायचा आणि रोज आवाज थोडा वाढवायचा. मापात काम करणं माझ्या हाडात मुरलेलं. मी पाच आवाज निवडले: नळाची हवा, बादलीची कडी, ओट्यावर ठेवलेला पेला, आतल्या दाराची कडी आणि आईच्या पलंगाशी ओढलेली खुर्ची.

पहिला नळ, कारण त्याच्यावर तो सगळ्यात जास्त पेटायचा. आमच्या गल्लीत नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि त्याला वेळकाळ नाही. म्हणून आम्ही सगळेच तोटी उघडी टाकून, खाली टिपाड, म्हणजे पाण्याचं मोठं पिंप, ठेवून कामाला जातो. पाण्याआधी तोटीतून हवा सुसाटते. तेवढ्यावर अर्धी गल्ली जागी होते.

तीन आठवड्यांत टिकल्या सुधारला. नळ सुसाटला तरी तो शहाण्यासारखा बसून टोस्टची वाट बघायचा. गिरिजाबाईंनी लोणचं पाठवलं. माझी छाती चार बोटं फुगली, खोटं कशाला बोलू!

त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी घरी आलो तर टिपाड काठोकाठ भरलेलं, आणि तोटी बंद.

गिरिजाबाई म्हणाल्या, "कशाचं पाणी? सहा दिवस झाले, गल्लीत थेंब न्हाई."

मी आईला विचारलं. "नळ आल्ता की दुपारी," ती म्हणाली.

"मग तोटी कुणी बंद केली?"

"तूच की. मंग मला पेला भरून दिलास."

तिच्या उशाशी पेला होता. ओला होता.

कुठला तरी व्हॉल्व्ह गळत असेल, आईला भास होत असेल, असं मी यशश्रीला समजावलं. सांगायला लाज वाटते, पण ते पाणी आम्ही वापरलं. एप्रिल महिन्यात भरलेलं टिपाड कोण ओतून देतं? यशश्रीने दोन महिन्यांनी चादरी धुतल्या. दुसऱ्या दिवशी टिपाड पुन्हा भरलेलं होतं. तिसऱ्या दिवशीही.

चौथ्या दिवशी जुना मोबाईल रेकॉर्डिंगवर लावून मी आईच्या पलंगाखाली ठेवला. संध्याकाळी गच्चीवर जाऊन ऐकला. तीनच्या सुमारास तोटीतून हवा आली. मग बादलीची कडी, ओट्यावर पेला, आतल्या दाराची कडी. मग खुर्ची ओढली गेली आणि आई हसली.

मी ते चार वेळा ऐकलं. पाऊल वाजत नव्हतं. खोकला नाही, कपड्याची सळसळ नाही. मी शिकवलेले पाचच आवाज होते, शिकवले त्याच क्रमाने. त्यांच्यामागे टिकल्या कुरुमकुरुम टोस्ट चावत होता. टोस्टचा डबा तर मी फडताळात वर, कुलपात ठेवत होतो.

खाली येऊन मी रेकॉर्ड केलेलं सगळं पुसून टाकलं. बादली आपटली. कडी वाजवली. "भुंक रे बाबा, भुंक," म्हणून त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो. टिकल्या माझ्याकडे बघत टोस्टची वाट बघत राहिला. मला रडू आलं.

"कशाला त्याला छळून राह्यलास?" आई आतून म्हणाली. "दुपारी किती चांगला वागतोस. सांजच्यालाच असं काय होतं तुला?"

मी दोन दिवस रजा काढून घरात बसलो. काही वाजलं नाही, टिपाड कोरडं राहिलं. तरी चुलतभाऊ संपतला फोन केला. जीप घेऊन ये, म्हटलं, आईला हसनाबादला नेतो, मीही तिच्याजवळ राहतो.

"मी न्हाई येणार," आई म्हणाली. "हितं तू दुपारभर हात धरून बसतोस. तिकडं कोण बसंल?"

मी तिचा हात कधीच धरला नव्हता. दीड वाजता तिला जेवू घालताना माझा एक डोळा घड्याळावर असायचा.

तिसऱ्या दिवशी यशश्री शाळेत होती. संपतला गल्ली सापडेना, म्हणून मी त्याला आणायला कोपऱ्यापर्यंत गेलो. निघताना हाताने सवयीनं बाहेरून कुलूप लावलं.

सगळी मिळून दहा मिनिटं गेली असतील.

संपतला घेऊन जिना चढलो. किल्ली फिरवली, कुलूप काढलं.

आत टिकल्या भुंकला.

महिनाभरानंतर पहिल्यांदा. दाराला नखं लावून, घसा फाडून. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. "टिकल्या!" मी हाक मारली. "अरे, मी आहे."

तो आणखीच चवताळला. दाराखालच्या फटीतून त्याचे दात दिसले.

"आई!" मी ओरडलो.

आतून आईचा आवाज आला, निवांत, जेवण झाल्यावरचा.

"कल्याण, बघ रं बाबा. दारात कोणी परका आलाय."

संपतने माझ्याकडे पाहिलं.

खुर्ची सरकली.

मग आतून कडी लागली आणि टिकल्या गप झाला.