हिरव्या जाळीखालचा डोंगर

"सोमवारपासून धुलाईघर बंद!" नदीची पाहणी करायला आलेल्या सरकारी नकाशासाहेबांनी टेबलावर हात आपटला. "तुमच्या घाटामुळे काठ खचतोय. नदी गढूळ होते ती त्यानंच!"

"माझ्यामुळे?" आत्या उसळली. "वळवाची जरा सर आली की नदी लालभडक! इस्पितळाच्या चादरी पुन्हा पुन्हा धुऊन माझे हात सोलले, आणि दोष मलाच?"

आत्याकडे सुट्टीला आलेली भिंगरी, तिचा धाकटा भाऊ मुंगळा आणि शेजारचा लंबू कान टवकारून ऐकत होते. धुलाईघर बंद म्हणजे आत्याचं आणि चार बायकांचं पोट बंद!

"साहेब, आपला काठ काळ्या मातीचा आहे. मग ही लाल माती येते कुठून?" भिंगरीनं विचारलं.

"वरून तर नाहीच. वर जंगल आहे." साहेबांनी ड्रोनचा फोटो दाखवला. सगळा डोंगर तपकिरी, मधला पट्टा हिरवागार. "हिरवं म्हणजे जंगल! उद्या शेवटचे फोटो घेतो, की काम संपलं."

साहेब जाताच भिंगरी म्हणाली, "उन्हाळ्यात अख्ख्या डोंगराची पानं झडलीत. तेवढाच पट्टा हिरवा कसा? कुठंतरी पाणी मुरतंय!"

डोंगरावरून नदीला येऊन मिळणारा लाल ओढा धरून तिघं वर निघाले. चढताना लंबूची दमछाक झाली. "माझ्या पायांचे तुकडे पडले गं!"

"पाय लांब आहेत, तुकडेही जास्त पडणार!" मुंगळा खिदळला. वर पोचल्यावर मात्र त्याचं हसू पळालं.

झाडं कुठली! नुसते बुंधे, उकरलेली लाल माती आणि बंगल्यांसाठी आखलेले चुन्याचे पट्टे. वरून जंगल दिसावं म्हणून त्या सगळ्यावर हिरवी जाळी ताणलेली, रोपवाटिकेत सावलीसाठी लावतात तशी! आणि साहेब एकदाही वर चढले नव्हते. काय म्हणावं या मोठ्या माणसांना!

"फाडूया!" मुंगळा ओरडला.

"मुळीच नाही! त्यांच्याच ड्रोनला दाखवूया," भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुंगळा आणि लंबू फाटक्या चादरींचं गाठोडं घेऊन डोंगरावर गेले. भिंगरी धुलाईघराच्या अंगणात साहेबांजवळ थांबली. ड्रोन उडाला. पडद्यावर हिरवा पट्टा आला आणि त्यावर पांढरी, भलीमोठी अक्षरं: खोटं!

चादरी संपल्या होत्या, म्हणून उद्गारचिन्हाचा ठिपका मुंगळाच झाला होता.

"अगं बाई!" इस्त्रीवाल्या मावशी ओरडल्या. "साहेब, तुमच्या जंगलातलं एक झाड हात हलवतंय!"

अंगणात हशा पिकला. भिंगरीनं जाळीची सगळी हकिकत सांगितली, तसा साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी आत्याची नोटीस तिथंच फाडली आणि बंगल्यांचं काम थांबवायला फोन लावला. "पोरी, तुझी नजर माझ्या यंत्रापेक्षा तेज निघाली," ते पुटपुटले.

आत्यानं भिंगरीला छातीशी धरलं. "मी नुसती ओरडत राहिले गं. तुम्ही डोंगरावर लिहून दाखवलंत!"

"शाबासकी नंतर, आत्या!" भिंगरी साहेबांकडे वळली. "बुटांच्या नाड्या घट्ट बांधा, साहेब. आता तुम्ही चढायचं. आणि ड्रोन इथंच ठेवायचा!"