रुमालाची कमाल

टोपलीवर टॉवेल, टोपलीतून गुरगुर, आणि टोपली धरणारीचे हात लटपटताहेत... जनावरांच्या डॉक्टरांची पहिली नजर मांजरीवर नाही, त्या हातांवर गेली.

घड्याळं दुरुस्त करणारीचे हात ते. केसाएवढ्या स्क्रूवर कधी न हलणारे. पण तिच्या मांजरीचा, ठकीचा, दात किडला होता, अन्नावरची वासना उडाली होती. आधीच्या दवाखान्यात बाईसाहेबांनी असा धुडगूस घातला होता, की तिथल्यांनी हातच जोडले. आता इथेही नाही म्हणाले तर?

या डॉक्टरांनी ठकीला ओढून बाहेर काढलंच नाही. टोपलीवरचा टॉवेल नुसता बाजूला केला, समोर जमिनीवर बसले आणि दोन्ही डोळे सावकाश मिटून उघडले. ठकीकडे बघून. निदान तसं असावं; कारण टोपली घड्याळवालीच्या मांडीवर होती.

"डॉक्टर... तुम्ही मला डोळा मारलात?"

त्यांचे कान लाल झाले. "डोळा मारायला एकच लागतो हो. मी दोन्ही मिटले. मांजराच्या भाषेत – भिऊ नकोस."

"आणि माणसांच्या?"

"माणसांवर अजून करून पाहिलेलं नाही."

दात पुढच्या आठवड्यात काढायचा ठरला. तोवर टोपली घरात उघडीच राहू दे, म्हणाले, तिला तीत झोपू दे. वासाची ओळख व्हावी म्हणून खिशातला रुमालही दिला, टोपलीत घालायला. आणि ती निघताना हळूच म्हणाले, "तिच्याआधी तुम्ही घाबरता. तिला ते तुमच्या हातांतून कळतं."

घरी तिने गंमत म्हणून ठकीपुढे डोळे मिटून पाहिले. ठकीनेही मिटले! मग तर नादच लागला. दुकानात भिंग डोळ्याला लावूनही तिला तेच आठवे – डॉक्टर नक्की कोणाकडे बघत होते?

ठरल्या दिवशी तिचं नवं कानातलं पाहून आत्या म्हणाली, "मांजराला दाखवायला चाललीस, की स्वतःला?"

त्या दिवशी ठकीने सुई टोचून घेतली. ना फिस्कारली, ना ओरबाडलं. दात निघाला. संध्याकाळी ती गुंगीतून जागी होऊन टोपलीत अंग चाटू लागली, तेव्हा डॉक्टर खुशीत म्हणाले, "बघा, रुमालाची कमाल!"

घड्याळवालीने ठकीखालचं आपलं जुनं स्वेटर जरा वर उचलून दाखवलं.

"रुमाल टोपलीत नव्हताच."

"मग?"

"माझ्या उशीखाली." तिने स्वेटर पुन्हा नीट सारलं. "घाबरत मी होते ना... म्हटलं, ओळख आधी मलाच व्हावी."

डॉक्टरांचे कान पुन्हा लाल झाले. तिने टोपली उचलली – हात अगदी स्थिर – आणि त्यांच्याकडे बघून दोन्ही डोळे सावकाश मिटले.

उघडले, तेव्हा त्यांचे अजून मिटलेलेच होते.