हिनेवाईची स्लाइड

दुपारच्या चहाआधी मिरियामा रोज एक स्लाइड बघायची. डनेडिनच्या त्या प्रयोगशाळेत तिचं कामच ते. पेशींमधली गुणसूत्रं रंगवायची आणि यंत्राखाली धरायची. यंत्र उजेडाची फोड करी, मग पडद्यावर प्रत्येक जोडी आपापल्या रंगात उजळे. ही स्लाइड मात्र तिच्या लेकीची, हिनेवाईची होती. रक्ताच्या कर्करोगानं गेलेली पोर. हिरव्या गुणसूत्राला तांबडा तुकडा चिकटलेला, तोच तिचा आजार.

तिच्या माओरी घरात वारलेल्या माणसाचं काही मागे ठेवत नाहीत. रक्तसुद्धा मातीत जातं. मिरियामानं स्वतः प्रार्थना म्हणत पोरीच्या सगळ्या स्लाइड्स पुरायच्या डब्यात भरल्या होत्या, फक्त ही एक हातातून सुटेना. आईचा जीव तो, त्याला कोण काय सांगणार!

स्लाइडवरची ती पेशी दुभंगायच्या बेतात असतानाच प्रयोगशाळेत औषधानं थांबवलेली, कधीचीच मेलेली. पण त्या दिवशी पडद्यावर एकाच्या दोन पेशी दिसल्या. खोलीत पोरीच्या ओल्या केसांचा वास आला.

"वाढतेय गं माझी बाय," मिरियामा पुटपुटली आणि रडत बसली.

संध्याकाळी तिच्या आईचा, हुहानाचा, फोन आला.

"मिरी, पोर स्वप्नात येते. म्हणते, आजी, डोळ्यांवर उजेड येतो... झोपू देत नाहीत. काय ठेवलंयस तू?"

"काही नाही, आई."

"मला शिकवू नकोस. खोटं बोललीस की श्वास धरतेस तू, लहानपणापासून."

मिरियामानं श्वास सोडला. "एकच... तेवढीच उरलीय गं मला."

"उरली नाहीये, बाळा. अडकलीय."

शनिवारी दोघींनी थडग्याशी माती उकरली. स्लाइड गुंडाळलेला रुमाल उलगडला, तर काच कोरी करकरीत! हुहानानं काच तशीच पुरली. निघताना फाटकापाशी रिवाजाप्रमाणे तिनं लेकीच्या हातांवर पाणी ओतलं, आणि पुन्हापुन्हा ओतत राहिली.

सोमवारी हातमोजे घालण्याआधी मिरियामाचा अंगठा यंत्राच्या दिव्याखाली गेला. कातडीवर राईएवढा ठिपका उजळला. पडद्यावर तेच हिरवं गुणसूत्र, तोच तांबडा तुकडा.

"जा गं राणी, झोप आता..." ती साबणानं घासत राहिली. ठिपका निघेना.

शुक्रवारी तो वाटाण्याएवढा झाला होता. मिरियामानं नळ बंद केला, हात पुसला आणि छातीशी धरून बसली.