दरीपलीकडचं पापनिवेदन

म्हातारे फादर डोंगरापलीकडच्या मिशनच्या चौकीवर मरायला टेकले होते आणि मरण्याआधी त्यांना पापनिवेदन करायचं होतं. जगाच्या पाठीवर आमच्या ख्रिस्ती धर्मसंघाची चाळीस घरं, पण माणसांची कायम बोंब! दोन वर्षं ते तिथे एकटेच होते. धर्मगुरू असला तरी स्वतःची पापं त्याला स्वतःला माफ करता येत नाहीत. म्हणून आमचे फादर निघाले. मी संघातला सुतार ब्रदर, दोर वाहायला बरोबर. खरं सांगायचं तर मला त्या म्हाताऱ्याला एकच विचारायचं होतं : माझा दादा कसा मेला?

दादाही संघातला, त्यांचा चौकीवरचा सोबती. दोन वर्षांपूर्वी बर्फात गेला. घरी चार ओळींचं पत्र आलं, बस्स. आईने ते वाचून वाचून घड्यांवर फाडलं होतं.

आमचे फादर पुस्तकातला माणूस. चढ लागला की त्यांना प्रार्थना आठवायची, तेवढंच बसायला निमित्त! दुसऱ्या दिवशी मात्र बर्फाने झोडपलं आणि आमची थट्टा संपली. तिसऱ्या दिवशी दुपारी दरी आली.

पूल नव्हता! खांब तेवढे उभे होते.

पलीकडे झोपडीच्या दारातून म्हातारे फादर रांगत बाहेर आले.

"वळसा घालून येतो!" आमचे फादर ओरडले. "दोन दिवस धीर धरा!"

"दोन दिवस कुठले, बाबा! तिथूनच ऐक!"

वारा शब्द पळवत होता. फादरांनी कमरेला दोर बांधला आणि कड्यावरून पुढे झुकले. मी खांबाला पाय रोवून दोर धरला.

"कान झाक!" फादर मला म्हणाले. दुसऱ्याचं पापनिवेदन ऐकायचं नसतं.

"कान झाकले तर तुम्ही खाली जाल!"

म्हातारे बोलू लागले. दोर तळव्यांची सालं काढत होता. फादर घसरले! मी ओढलं. त्यांच्या कपाळातून रक्त आलं, तरी ते पुन्हा झुकले. "पुढे बोला!"

शेवटी त्यांनी हात उंचावून क्षमा दिली. पलीकडे म्हाताऱ्यांनी क्रूसाची खूण केली, उंबऱ्यावर डोकं टेकलं. ते पुन्हा उठले नाहीत. आम्हाला त्यांना मूठभर मातीही देता आली नाही.

"कानावर पडलं ना?" फादरांनी विचारलं.

"सगळं."

"मग मरेपर्यंत ते तुझ्यातच राहील. माझ्याशीसुद्धा बोलायचं नाही."

म्हणून माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की नाही, तेही मी इथे लिहीत नाही.

बर्फात पायाची दोन बोटं गमावून मी घरी आलो. आईने मला खाटेवर बसवलं.

"दादाबद्दल काही बोलले का रे ते?"

"पूल तुटला होता, आई. पलीकडे जाताच आलं नाही."

"म्हणजे आता कधीच कळायचं नाही."

तिने माझ्या सोललेल्या तळव्यांना तेल लावलं. मला रडू फुटलं, तशी ती फुंकर घालत म्हणाली, "झोंबतंय का रे?"

"हो," मी म्हणालो.