दोन कडव्यांमधली शांतता

“तुम्हाला माझं बरं झालेलं बघवत नाही, हेच खरं!”

धाकट्या दिराचे हे शब्द कानावर पडले आणि वहिनीनं पाठीमागे लपवलेला डावा हात आणखी घट्ट आवळला. हाताला स्वयंपाकघरातलं फडकं गुंडाळलेलं होतं, फडक्याच्या आत दोन बोटं ठणठणत होती, पण त्या क्षणी तिला बोटांचं काहीच वाटलं नाही... काळजात रुतला तो ‘तुम्हाला’ हा एक शब्द! नऊ वर्षांचा होता तेव्हापासून जो तिला ‘ए वहिनी’ म्हणून हाक मारत आला, तापात तिच्या मांडीवरून ज्यानं कधी डोकं हलवलं नाही, तो आज समोर उभा राहून तिला एखाद्या परक्या बाईसारखं तुम्ही म्हणत होता.

“माझ्या गाण्याच्या बाई एकदाच गाणार होत्या! एकदाच! उद्या त्या कायमच्या लेकीकडे चालल्यात, आता त्यांना मी कुठून परत आणू? आणि नेमका पहिल्या कडव्याचा शेवटचा सूर लागलाय, तर बाहेर तुम्ही काहीतरी आपटलंत. दारावरचा लाल दिवा दिसत नव्हता?”

“दिसत होता रे...”

“मग?”

तिचा नवरा तिथेच, बोळात, मेन स्विचच्या पेटीजवळ मान खाली घालून उभा होता. त्यानं ओठ उघडले. “हे बघ भोंग्या, त्याचं असं झालं...” एवढंच तो म्हणाला, आणि वहिनीनं त्याच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं की पुढचे शब्द त्यानं गिळून टाकले.

“माझ्याच हातून झालं,” ती म्हणाली. “चुकलं माझं.”

भोंगा खोलीत गेला आणि दार लागलं.

भोंगा हे त्याचं लहानपणीचं नाव. आई-वडिलांमागे हे पोर थोरल्या भावाच्या नव्या संसारात आलं, ते अखंड रडत आलं. एवढ्याशा देहातून एवढा आवाज निघतो कसा, याचं साऱ्या इमारतीला कोडं पडलं होतं. आणि गंमत बघा, तोच भोंगा मोठा झाला आणि घरात सगळ्यांना गप्प बसवू लागला! संगीत निर्मितीच्या दोन वर्षांच्या शिक्षणाला त्यानं नाव घातलं आणि ज्या खोलीत वहिनी बुटांची खोकी बनवायची, घरातली तेवढीच एक उजेडाची खोली, ती तिनं आपण होऊन रिकामी करून दिली. भिंतींना रजया लागल्या, दाराला गादी लागली, चौकटीवर लाल दिवा लागला. ध्वनिमुद्रणासाठी दिवा पेटला की पंखा बंद, नळ बंद, आणि वहिनीची चिकटपट्टीही बंद, कारण ती पट्टी ओढताना जो फर्र आवाज होतो तो म्हणे बंद दारातूनही आत येतो. मग ती बोळात जमिनीवर बसून दिवा असेपर्यंत नुसते पुठ्ठे दुमडायची आणि दिवा विझला की ढिगाला पट्ट्या लावायची. दोन वर्षं तिचं काम असं दुप्पट झालं. कधी तोंडातून ब्र काढला नाही तिनं!

थोरल्याला मात्र हे खूळ कधीच पटलं नव्हतं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, वर जाते आणि खाली येते एवढंच यंत्र त्याला कळायचं. साहेबांच्या हातापाया पडून त्यानं धाकट्यासाठी कंपनीत जागा धरून ठेवली होती. मुलाखत त्याच दिवशी अकरा वाजता होती, ज्या दिवशी बाई गायला येणार होत्या. भोंग्यानं वहिनीला सांगितलं, “मी नाही जाणार. तू दादाला सांगशील ना?” ती म्हणाली, “सांगेन.” आणि तिला धीर झाला नाही... आज सांगू, उद्या सांगू करता करता तो दिवस उजाडला. तिथे साहेबांसमोर अर्धा तास मान खाली घालून थोरला उभा राहिला आणि तसाच घरी आला. त्याचा राग चढला की आवाज उतरायचा. तो एक शब्दही मोठ्यानं बोलला नाही, सरळ मेन स्विचच्या पेटीकडे गेला.

वीज गेली असती तर आतलं सगळं पुसलं गेलं असतं. बाईंचा सूर, भोंग्याची दोन वर्षं, सगळं! वहिनी धावली. तिनं स्विचवर हात ठेवला, तो तिला बाजूला करू लागला, ती हलेना... त्या झटापटीत पेटीचं जड लोखंडी झाकण सुटलं आणि तिच्या बोटांवर आदळलं. किंकाळी अगदी गळ्यापर्यंत आली होती. पण चौकटीवर लाल दिवा जळत होता, आणि तिनं ती किंकाळी तशीच आत ढकलली.

हे जर भोंग्याला कळलं असतं, तर पुन्हा त्यानं भावाचं तोंड पाहिलं नसतं. पोटच्या पोरासारखं वाढवलेलं पोर आपल्यावर रागावलं तर चालेल, भाऊ भावापासून तुटता कामा नये, असं तिच्या भोळ्या अंतःकरणानं ठरवून टाकलं आणि नवऱ्याला शपथ घातली. बोटं कपाटाच्या दारात सापडली, असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतरचे बारा दिवस!

शेवटच्या परीक्षेला एक संपूर्ण गाणं आपलं आपण तयार करून द्यायचं होतं, आणि नुसतं तयार करून नाही, ते लोकांपर्यंत पोचवूनही दाखवायचं होतं. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. पहिल्या येणाऱ्याला मोठ्या स्टुडिओत वर्षभर काम मिळणार होतं. भोंगा डोळ्याला डोळा न लावता खपत होता. गाण्याच्या मुखपृष्ठासाठी चित्र बनवलं, पंधरा सेकंदांचा तुकडा कापून इंटरनेटवर टाकला, रेडिओवरच्या निवेदकांना पत्रं लिहिली. पूर्वी प्रत्येक ओळ तो वहिनीला वाचून दाखवायचा, “बरं वाटतंय का गं?” म्हणून विचारायचा. आता ताट समोर आलं की “ठेवा तिथे,” एवढं बोलायचा. गाणं कुठे ऐकायचं ते सांगणाऱ्या चिठ्ठ्या त्यानं छापून आणल्या होत्या. त्यांचा गठ्ठा त्यानं वैतागून बोळात भिरकावला, ‘त्या धडधड आवाजाची जाहिरात कशाला करू?’ असं म्हणत. वहिनीनं तो उचलला, आणि तीन बोटांनी पुठ्ठे दुमडत एकेका खोक्यात एकेक चिठ्ठी सारली.

झाकण आदळल्याचा तो ठोका काही केल्या गाण्यातून निघत नव्हता. बाईंच्या लांबवलेल्या सुरावरच तो नेमका पडला होता. ठोका काढावा तर सूर लंगडा होत होता. आणि भोंग्यानं जाहीर करून टाकलं होतं, शुक्रवारी गाणं पाठवलं की मी मित्राच्या खोलीवर राहायला जाणार. कायमचा.

शुक्रवारी सकाळी त्याची बॅग दाराशी येऊन बसली. थोरल्यानं अर्धी रजा टाकली होती, आणि तो उगाचच बोळातून येरझाऱ्या घालत होता.

“अहो, बसा ना एका जागी,” वहिनी पुटपुटली.

“सांगून टाकतो मी त्याला.”

“माझी शपथ आहे तुम्हाला!”

“तुझी शपथ पाळता पाळता पोरगा चाललाय घराबाहेर, दिसतंय ना तुला?”

तिनं चिकटपट्टी हातात घेतली, पण ओढवेना. खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आत भोंगा फोनवर सरांशी बोलत होता, आणि हात मोकळे असावेत म्हणून फोन टेबलावर ठेवून बोलत असल्यामुळे सरांचा आवाजही बाहेर येत होता.

“ठोका कशाचा आहे?” सरांनी विचारलं.

“वहिनीनं काहीतरी पाडलं, सर.”

“काहीतरी म्हणजे काय? लोखंड, लाकूड, भांडं? कशाचा आवाज आहे हेच माहीत नाही आणि काढायला निघालास? पुढचं-मागचं ऐकलंस का?”

“पुढे नुसती वाद्यं आहेत. बाई गात नाहीत तिथला त्यांचा माइक मी बंद करून टाकलाय. तुम्हीच शिकवलंत ना, गाणाऱ्यानं तोंड मिटलं की माइक बंद करायचा.”

“ऐकून झाल्यावर बंद करायचा, शहाण्या! न ऐकता नाही. वाद्यं सगळी काढ, फक्त बाईंचा माइक ठेव, आवाज पार वर चढव. आणि दोन कडव्यांच्या मधे काय आहे ते ऐक.”

फोन बंद झाला. साडेअकरा वाजून गेले होते.

आतून बाईंचा सूर आला, एकटा, उघडा, साऱ्या घरात भरून राहणारा. आणि त्याच्या शेपटाला... धाड! भिंत हादरावी इतका मोठा. पाठोपाठ, कुणी कानाशी बोलावं तसा थोरल्याचा आवाज आला.

“अगं... बोटं! रक्त येतंय... काय केलं मी हे!”

बोळातला थोरला जागच्या जागी थिजला.

“श्श... काही नाही झालं.” हा वहिनीचाच आवाज, दाताखाली दाबलेला, थरथरणारा. “बोलू नका, दिवा चालू आहे अजून. वीज नका तोडू, तेवढं एक कडवं होऊ द्या त्याचं... आणि त्याला कळू देऊ नका, माझी शपथ आहे तुम्हाला. दोघं भाऊ तुटाल.”

मग एक हुंदका, अर्धाच. आणि बाईंनी श्वास घेऊन दुसरं कडवं सुरू केलं.

आत पुन्हा तोच ठोका वाजला. पुन्हा तेच शब्द. तिसऱ्यांदा भोंग्यानं ते हुंदक्यापाशी थांबवलं, आणि खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

भोंगा दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यानं वहिनीकडे पाहिलं नाही, तिच्या हाताकडे पाहिलं. दोन नखं काळीनिळी झाली होती. बारा दिवस हाच हात त्याच्यासमोर ताट ठेवत होता, आणि त्यानं तो पाहिला नव्हता!

“कपाटाचं दार...” तो म्हणाला. मग भावाकडे वळला. “दादा, माझी वीज तोडायला आला होतास तू?”

“हो,” थोरला म्हणाला, आणि मटकन खाली बसला, तो नेमका तयार खोक्यांच्या ढिगावर. ढीग करकरत चपटा झाला, पण कुणाला हसू आलं नाही. “मीच. तू मुलाखतीला आला नाहीस, माझं डोकं फिरलं होतं. तिचा हात मधे आला... आणि बारा दिवस तू तिला बोलत होतास आणि मी ऐकत होतो. शपथेच्या आड लपून बसलो रे मी!”

भोंग्याच्या मुठी आवळल्या. तो एक पाऊल पुढे आला आणि वहिनी झटकन मधे उभी राहिली.

“त्यांना एक अक्षर बोलायचं नाही! मुलाखतीला जाणार नाहीस हे मी त्यांना सांगणार होते ना? तू विश्वासानं माझ्यावर सोपवलं होतंस. नाही सांगितलं मी, घाबरले. अर्धी चूक माझीच आहे.”

“तू गप्प बस, वहिनी!” तो ओरडला, आणि त्या ‘तू’नं तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. “सगळं आपल्याच अंगावर घेतेस तू! चिठ्ठ्यासुद्धा... सकाळपासून अनोळखी माणसांचे निरोप येतायत, गाणं कधी येणार म्हणून. बुटांच्या खोक्यात चिठ्ठी मिळाली म्हणतात! मी तुला काय काय बोललो... आणि तू...” एवढा उंच झालेला तो मुलगा खाली वाकला आणि तिच्या पदरात तोंड खुपसून लहानपणीसारखा रडू लागला.

तिनं दुखऱ्या हातानं त्याच्या केसांवरून हात फिरवला. पण क्षणभरच. मग तिनं घड्याळाकडे पाहिलं.

“बारा वाजायला आठ मिनिटं आहेत. रडायला उभा जन्म पडलाय. आधी गाणं!”

“पण तो ठोका...”

“निघत नाही ना? मग?”

भोंग्यानं डोळे पुसले. “नाही काढणार मी तो. आहे तिथेच राहू दे.”

तो खुर्चीवर बसला. बोलणं तेवढं बंद केलं, ठोका ठेवला, वाद्यं परत लावली, गाणं बांधून तयार केलं. त्याच्या मागे वहिनी उभी होती, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच थोरला त्या खोलीच्या आत आला होता. हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. पडद्यावर शेवटची चौकट आली.

“कुठलं बटण दाबायचं?” त्यानं घोगऱ्या आवाजात विचारलं. “मी दाबू?”

भोंग्यानं खुर्ची थोडी बाजूला सरकवली. ग्रीसचे डाग कधीच न निघणारं ते जाड बोट हळूच खाली आलं. गाणं गेलं.

थोरला तसाच बाहेर गेला, दाराशी बसलेली बॅग उचलली आणि आत आणून कपाटावर ठेवून दिली.

मग भोंग्यानं स्टुलावर चढून चौकटीवरचा लाल दिवा फिरवून काढला. विझलेलाच होता तो, पण त्यानं तो काढला आणि वहिनीच्या ओंजळीत ठेवला.

“त्या दिवशी ओरडली नाहीस ना? आता ओरड.”

“वेडा आहेस का? दुखायचं थांबलंय आता.” ती हसली. पण हसता हसता तिचे ओठ वाकडे झाले, हनुवटी थरथरली, आणि बारा दिवस गळ्यात अडकून राहिलेलं सगळं एकदम वर आलं. ती अशी काही रडली, अशा काही मोकळ्या, भरदार आवाजात रडली, की वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यातून वाकून विचारलं, “काय झालं हो? सगळं ठीक आहे ना?”

“ठीक आहे, काकू!” थोरल्यानं बाहीनं डोळे पुसत वर पाहिलं. “इतकी वर्षं आम्ही भलत्यालाच भोंगा म्हणत होतो!”